मच्छर मारायच्या रॅकेटमधून किल्ल्यावरचं गवत: प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५, रविवार

यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला त्यामुळे डासांचा सीझनपण लवकर चालू झाला, आणि आमच्या सोसायटीत घरटी एक तरी मच्छर मारायची रॅकेट आहेच, त्यातल्या निम्म्या बंद. ग्रुपवर मेसेज टाकला की भंगारात देऊ नका, माझ्याकडे आणून टाका, मला त्यातलं सर्किट पाहिजे. संध्याकाळपर्यंत दाराशी चांगला ढीग झाला.

आज जेवढ्या उघडल्या त्या जवळजवळ सगळ्यांत एकच रोग. आत ४ व्होल्टची छोटी लेड अ‍ॅसिड बॅटरी असते, तीच मेलेली. ही बॅटरी डिस्चार्ज अवस्थेत पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं आणि मग ती चार्ज घेतच नाही. आपल्याकडे हे हमखास होतं कारण पावसाळा संपला की रॅकेट माळ्यावर जाते ती थेट पुढच्या वर्षीच खाली येते. म्हणजे रॅकेट गेली असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा गेलेली असते फक्त बॅटरी. सर्किट ठणठणीत असतं. बाहेरून ३.६ व्होल्ट दिले (१.२ व्होल्टचे तीन रिचार्जेबल पेन्सिल सेल) की बटण दाबल्यावर लाल लाइट लागतो आणि जाळीवर चट्ट होतं. ढिगातल्या बऱ्याचशा अशाच उठल्या.

आता ठरवलंय की या सर्किटची डास सोडून काय काय कामं होतात ते नीट बघायचं आणि इथे लिहून ठेवायचं.

२२ जून, रविवार

सर्किट कागदावर उतरवलं. फार काही नाहीये त्यात, पण जे आहे ते मस्त आहे. एक ट्रान्झिस्टर, एक बोटाच्या पेराएवढा फेराइटचा ट्रान्सफॉर्मर, हे दोघं मिळून बॅटरीचा डीसी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात, त्यातून काहीशे व्होल्टचा एसी निघतो, आणि मग १एन४००७ डायोड आणि छोट्या कपॅसिटरची शिडी तो चढवत चढवत दीड-दोन हजार व्होल्ट डीसीवर नेते. शेवटी एक मोठा फिल्म कपॅसिटर. माझ्या हातातल्या रॅकेटमध्ये त्यावर ४७३ लिहिलंय, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड. १६०० व्होल्टला त्यात साधारण ०.०६ ज्यूल ऊर्जा साठते. डास मरायला भरपूर, माणसाला सणसणीत झटका बसायला पण पुरेशी.

दोन गोष्टी आधीच लिहून ठेवतो कारण पोरं हे वाचणार आहेत. एक, बटण सोडलं तरी तो कपॅसिटर भरलेला राहू शकतो. डिस्चार्जसाठी रेझिस्टर असतो पण स्वस्तातल्या रॅकेटमध्ये तो असेलच याची खात्री धरू नये, त्यामुळे उघडल्यावर पहिल्यांदा इन्सुलेटेड स्क्रू ड्रायव्हरने जाळीचे दोन थर एकमेकांना टेकवून घ्यायचे, मगच हात. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या रॅकेटला मागे घडीची पिन असते आणि ती थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये जाते, तिच्यात चार्जिंगला ट्रान्सफॉर्मर नसतो, नुसता कपॅसिटर लावून २३० व्होल्ट खाली आणलेले असतात, त्यामुळे चार्जिंगला लावलेली असताना आतलं सगळं सर्किट मेनशी जोडलेलं असतं. उघडी रॅकेट चार्जिंगला लावणं म्हणजे उघड्या वायरला हात लावणं. मी पिनच कापून टाकतोय सगळ्यांच्या. पेन्सिल सेल घालायचे, ते बाहेर काढून चार्ज करायचे, विषय संपला.

२९ जून, रविवार

व्होल्टेज मोजलं. साधं मल्टिमीटर १००० व्होल्टपर्यंतच असतं, त्याच्यावर गेलं तर मीटर जातं. म्हणून १० मेगाओमचे नऊ रेझिस्टर एकापुढे एक जोडून लाल प्रोबच्या आधी घातले. मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगाओम, बाहेरचा ९०, म्हणजे मीटरवर दिसेल त्याच्या दहापट खरं व्होल्टेज. मीटर १६२ वर थांबलं, म्हणजे १६२० व्होल्ट. दुसऱ्या एकीत १४०० च्या आसपास, आणि एक यूएसबीवाली नवी लिथियमची होती तिच्यात जवळजवळ २००० आले.

पुण्याच्या तपकीर गल्लीत १ आणि १० मेगाओमचे रेझिस्टर शेकड्याने घेतले. हे पुढे सारखे लागणार आहेत.

६ जुलै, रविवार

स्वयंपाकघर. आईची तक्रार, केळ्यांवर आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीवर चिलटं. रॅकेटला चिलटं एकदम चांगली मरतात पण हवेत फिरवून नाही, ती इतकी हलकी असतात की रॅकेटच्या वाऱ्यानेच बाजूला जातात. बादलीचं झाकण हळूच उघडायचं, तोंडावर रॅकेट आडवी धरायची, बटण दाबून ठेवायचं आणि बादलीला एक टिचकी मारायची. खालून उठलेली चिलटं आपल्या पायाने जाळीत जातात. रोज सकाळी एकदा असं केलं तर आठवड्यात फरक दिसतो, कारण अंडी घालणारीच कमी होतात.

पहिल्या पावसात ट्यूबभोवती वाळवीचे पंखवाले किडे येतात त्यांनाही हेच, सगळे दिवे बंद करून रॅकेटमधला छोटा एलईडी तेवढा चालू ठेवायचा.

पण खाण्याच्या उघड्या पदार्थावर रॅकेट मारू नये. माशी जाळीत फुटते तेव्हा तिचे बारीक कण उडतात आणि तिच्या अंगावरचे जंतूही त्यासोबत. मिठाईच्या दुकानात काउंटरवर चटचट चाललेली असते ते बघून मला फार वाईट वाटतं. आणि गॅसचा वास येत असेल, किंवा नुकताच डासांचा स्प्रे, डिओ, सॅनिटायझर मारला असेल तर तिथे रॅकेटला हात लावायचा नाही, कारण ती ठिणगी खरी आहे. आई म्हणाली मग गॅस लायटर म्हणून चालेल की. लागेल, पण ज्वाळेवर प्लॅस्टिकची फ्रेम न्यायची हा काही उपयोग नाही, लायटरच बरा.

१३ जुलै, रविवार

परवा, ११ तारखेला, युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले लागले! मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले, महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. सोसायटीतली पोरं आज खाली जमली होती, दिवाळीला अजून तीन महिने आहेत पण किल्ल्याचं आत्ताच ठरलं. राजगड करायचा. एकजण मला म्हणाला, "काका, या वेळी गवत खरं दिसलं पाहिजे, दरवेळी तो हिरवा भुसा टाकतो तो गालिच्यासारखा दिसतो."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरंय. आमच्या लहानपणी अळीव नाहीतर मोहरी पेरायचो, चार-पाच दिवसांत उगवायची, ती आजही मला सगळ्यात आवडते. पण अळीवाचं रोप बोटभर उंच होतं, आणि किल्ल्यावरचा मावळा पण बोटभरच, म्हणजे तो जंगलात उभा असल्यासारखा दिसतो. भुसा नुसता सपाट. मापाला बसेल असं, दोन-चार मिलिमीटरचं, उभं गवत पाहिजे.

आणि ते करता येतं, याच रॅकेटने. मॉडेल रेल्वे करणारे लोक वापरतात ही पद्धत. नायलॉनचे कापलेले बारीक तंतू गाळणीत घ्यायचे, गाळणीला हाय व्होल्टेज, खाली जमिनीला दुसरी वायर, जमिनीवर ओला गोंद. तंतू विजेच्या क्षेत्रात आले की उभे होतात, खाली झेपावतात आणि गोंदात उभेच रुततात. दागिन्यांच्या डबीतलं मखमल असंच बसवलेलं असतं, फ्लॉक प्रिंटच्या साड्यांवरची मऊ नक्षी पण याच जातीची, आणि पॉलिश पेपरवरचे खडे टोक वर करून उभे बसावेत म्हणून कारखान्यात तिथेही विजेचं क्षेत्र वापरतात. म्हणजे कारखान्यातली कला आहे, तिचं छोटं मशीन आपल्या माळ्यावर पडलंय.

पोरांना सांगितलं, गवत माझ्याकडे लागलं.

२७ जुलै, रविवार

गवताचे तंतू ऑनलाइन मागवलेत, ते येईपर्यंत दुसरी दोन कामं. ही मला स्वतःला फार उपयोगाची वाटली.

एका सर्किटमधला शेवटचा मोठा कपॅसिटर काढला आणि आउटपुटला १ मेगाओमचे दहा रेझिस्टर ओळीने लावले. एकच १० मेगाओमचा का नाही, तर साधा पाव वॅटचा रेझिस्टर २५० व्होल्टच्या वर टिकेल याचा भरवसा नसतो, दहा असले की प्रत्येकावर १६० च्याच आसपास येतात. आता आउटपुट शॉर्ट केलं तरी करंट ०.१६ मिलिअँपच्या पुढे जात नाही. झटक्याचं यंत्र होतं त्याचं मोजायचं यंत्र झालं.

पहिला उपयोग, स्पाइक गार्डवाले एक्स्टेंशन बोर्ड. त्यात जादा व्होल्टेज स्वतःवर घेणारी निळी गोल चकती असते, एमओव्ही म्हणतात, ४७१ लिहिलेली असेल तर ४७० व्होल्टची. व्होल्टेजचे झटके झेलून झेलून ही चकती हळूहळू कमजोर होते, बोर्ड चालू राहतो, लाइट लागतो, पण संरक्षण गेलेलं असतं किंवा चकती उलट तापायला लागते. बोर्ड प्लगमधून काढून चकतीचा एक पाय सोडवला, रॅकेटचं आउटपुट आणि मीटर दोन्ही चकतीला लावलं. नवीन चकती ४६० च्या आसपास दाखवते. टीव्हीच्या बोर्डातली ३९० वर आली होती. बदलली. दहा रुपयांची वस्तू मागे हजारो रुपयांचा टीव्ही सांभाळते, ती तपासायचा दुसरा सोपा मार्ग घरात नाही.

दुसरा, गीझर. पावसाळ्यात बरेच दिवस बंद ठेवलेला गीझर चालू केला की ईएलसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होतो. एलिमेंटच्या नळीत पांढरी भुकटी भरलेली असते, मॅग्नेशियम ऑक्साइड, ती दमट हवेतलं पाणी ओढून घेते आणि करंट बॉडीला गळायला लागतो. इलेक्ट्रिशियन मेगर (गळती मोजायचा मीटर) लावून बघतो. मी प्लग बाहेर काढून, फेज आणि न्यूट्रलच्या पिना एकत्र करून एक क्लिप तिथे आणि दुसरी अर्थच्या पिनला लावली, थर्मोस्टॅट चालूवर ठेवून, मीटर समांतर. काहीच गळती नसेल तर मीटर ८०० दाखवतं (रॅकेटच्या बाजूला १० मेगाओम, मीटरचे स्वतःचे १०, निम्मं-निम्मं). गळती १ मेगाओमची झाली तर तेच १३० वर येतं. आमचा ७० वर होता! एलिमेंट काढून कडक उन्हात, म्हणजे जे काही ऊन मिळालं त्यात, आणि मग हेअर ड्रायरने वाळवला तर ७०० च्या वर गेला आणि गीझर न कुरकुरता चालू झाला. इस्त्री, पाण्याचा रॉड, सगळ्यांना हे चालतं. ज्याच्या आत इलेक्ट्रॉनिक्स आहे, म्हणजे डिस्प्लेवालं काहीही, त्याला हे लावायचं नाही.

खरा मेगर खराच, त्याचा आकडा कागदावर धरता येतो. हा फक्त सांगतो की काहीतरी गडबड आहे, पण घरातल्या माणसाला तेवढंच पाहिजे असतं.

१० ऑगस्ट, रविवार

उदबत्तीचा धूर बरणीत धरून विजेने खाली बसवायचा प्रयोग करून पाहिला. कोळशावरच्या वीज केंद्रांच्या धुराड्यात राख धरायला हीच युक्ती असते. १६०० व्होल्टला नाही होत. तारेभोवतीची हवा फुटून चार्ज सुटायला यापेक्षा बरंच जास्त व्होल्टेज लागतं. डायोडची शिडी आणखी वाढवली तर होईल, पण मग ते पोरांच्या हातात द्यायचं खेळणं राहत नाही. सोडून दिलं.

१७ ऑगस्ट, रविवार

गवताचं मशीन बांधलं. रॅकेटची जाळीची फ्रेम गळ्याशी करवतीने कापली, मूठ तेवढी ठेवली. पुढे पीव्हीसी पाइपच्या टोपणात चहाची स्टीलची गाळणी बसवली. स्टीलला सोल्डर धरत नाही, त्यामुळे गाळणीच्या कडेला तांब्याची तार दोन वेढे देऊन छोट्या नटबोल्टने आवळली. मोठा कपॅसिटर काढलेला, दहा रेझिस्टरची माळ गाळणीच्या वायरमध्ये, वरून हीट श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी) नळी. दुसरी वायर मीटरभर लांब, टोकाला क्रोकोडाइल क्लिप, क्लिपमध्ये खिळा.

रॅकेटचं मूळचं बटण ठेवलंय आणि ते मुद्दाम. बोट उचललं की बंद. कुठलीही कायम चालू राहणारी स्विच लावायची नाही. आता चुकून हात लागला तरी मुंगी चावल्याइतकंच जाणवतं, पण ज्यांना पेसमेकर आहे त्यांनी याच्या जवळ यायचं नाही हे मुठीवर मार्करने लिहिलंय. इंजिनिअरिंगच्या हिशोबाने बघितलं तर गाळणी गोंदापासून २ सेंटिमीटरवर धरली की सेंटिमीटरला ८०० व्होल्टचं क्षेत्र मिळतं. विकतच्या मशीनमध्ये याच्या कितीतरी पट असतं, ते ६ आणि १२ मिलिमीटरचे तंतू पण उभे करतात. आपल्याला २ मिलिमीटरचे पाहिजेत, फार तर ४. जमायला हवं.

२४ ऑगस्ट, रविवार

जमलं! बुधवारी गणपती येतायत, त्यांच्या आराशीत मागे डोंगर आहे, त्याच्यासाठी आधी प्लायच्या तुकड्यावर चाचणी घेतली. फेविकॉल दोन भाग, पाणी एक भाग, ब्रशने पातळ थर. खिळा गोंदात ठेवला, गाळणीत चिमूटभर २ मिलिमीटरचे हिरवे तंतू, बटण दाबलं आणि गाळणीला हलकेच टिचक्या मारत राहिलो.

जवळून बघण्यासारखं आहे हे. बटण दाबल्या दाबल्या गाळणीतला हिरवा लगदा सुटा होतो, तंतू एकमेकांपासून लांब सरकायला लागतात, काही गाळणीच्या कडेवर चढून बाहेर टोकं काढून उभे राहतात. मग जाळीच्या भोकातून एकेक तंतू सुटतो आणि तो पडत नाही, सरळ उभा होऊन खाली जातो. गोंदात टोक रुतलं की तसाच. आणि जिथे गोंद नव्हता, खिळ्याच्या कोरड्या डोक्यावर, तिथे तंतू आपटून परत वर गाळणीकडे उडत होते, पुन्हा खाली, पुन्हा वर. धातूला टेकला की त्याचा चार्ज बदलतो म्हणून. आई चष्मा लावून बघत बसली होती कितीतरी वेळ.

गाळणी गोंदाला टेकली की क्षेत्र मरतं आणि तंतू आडवे पडतात, त्यामुळे दोन बोटांचं अंतर राखायचं. आणि दमट हवेचा त्रास आहे, आज सकाळी तंतू गाळणीत गुठळ्या धरत होते. डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवले तर दुपारी सुटे झाले. अगदी कोरडेठाक पण नकोत, कारण चार्ज धरायला तंतूवर किंचित ओल लागतेच, कारखान्यात म्हणूनच फ्लॉकिंगच्या, म्हणजे तंतू बसवायच्या, खोलीतला दमटपणा सांभाळून ठेवतात.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आज आल्या. आराशीतला डोंगर सगळ्यांनी हात लावून बघितला, त्यामुळे पुढच्या बाजूचं गवत थोडं दबलंय पण निघालं नाही. गोंद धरतो म्हणायचा.

सुतळी कापून तंतू करता येतात का ते पाहिलं. ताग स्वस्त, रंगही वाळक्या गवताचा आपोआप. पण तो जाड पडतो आणि निम्मे तंतू आडवे होतात. लोकर कात्रीने बारीक केली ती त्याहून वाईट, कुरळी असल्यामुळे गोळा होते. उभं गवत पाहिजे तर नायलॉनच. तागाचे तुकडे मात्र फेकले नाहीत, दगडांच्या कडेला हाताने टाकायला छान आहेत.

१४ सप्टेंबर, रविवार

पोरांना आणि त्यांच्या दोन-तीन आईवडिलांना घेऊन राजगडला गेलो, गुंजवणे गावाकडून. चोरदरवाजाने वर. सगळ्यांना वही दिली होती आणि काम एकच, कुठे कुठलं गवत ते बघायचं.

हे केलं ते फार बरं झालं, कारण घरात बसून आपण सगळा डोंगर एकाच हिरव्याने रंगवला असता. पद्मावती माचीवर माणसांची ये-जा, तिथे गवत आखूड आणि मध्ये लालसर पायवाटा. सुवेळा माचीकडे जाताना दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या वर गवत, त्यात सोनकीची पिवळी फुलं इतकी की उतार पिवळाच दिसतो. नेढ्याच्या (आरपार भोक असलेल्या) खडकाला गवत जवळजवळ नाही. बालेकिल्ल्याचा कडा काळा, पण त्याच्या प्रत्येक खाचेत एक हिरवी रेघ. संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी, ज्याला चिलखती म्हणतात, तिच्या दोन भिंतींच्या मधल्या बोळात सावली असते, तिथलं गवत गडद आणि बाहेरच्या उतारावरचं पोपटी. एका मुलीने वहीत लिहिलं होतं, "भिंतीवर पण गवत आहे पण दगडाच्या वरच्या बाजूलाच." हे मला सुचलं नव्हतं. उभ्या भिंतीवर गोंद लावायचाच नाही, फक्त प्रत्येक थराच्या वरच्या कडेवर.

५ ऑक्टोबर, रविवार

रंग मिसळून ठेवले. पोपटी, गडद हिरवा, आणि वाळका पिवळसर. किल्ला आपण दिवाळीतला करतोय, तोपर्यंत सह्याद्रीतलं गवत शेंड्याकडून पिवळं पडायला लागतं, त्यामुळे शुद्ध हिरवा कुठेच नाही, सगळ्यात थोडा वाळका. सोनकीसाठी पिवळ्या स्पंजचा बारीक चुरा, तो हातानेच.

१२ ऑक्टोबर, रविवार

पार्किंगच्या कोपऱ्यात किल्ला उभा राहायला लागला. विटा, दगड, त्यावर चिखलात बुडवलेली पोती, वरून तांबडी माती. मध्ये बालेकिल्ला, तीन बाजूंना तीन माच्या. परीक्षा चालू असल्यामुळे पोरं संध्याकाळी तासभरच येतात. परतीच्या पावसाचा नेम नाही म्हणून ताडपत्री आधीच बांधली.

माती पाणी पिते तशी गोंदही पिते, त्यामुळे पहिला हात एकदम पातळ गोंदाचा, चहाइतका, त्यात थोडा गेरू. तो वाळला की माती बांधली जाते आणि मग वरचा जाड गोंद वर राहतो.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

आज गवत. सकाळी सुरू केलं, दिवे लागायच्या वेळेला संपलं.

एक गोष्ट इथे आल्यावरच कळली आणि ती मला या सगळ्या प्रकल्पातली सगळ्यात भारी गोष्ट वाटते. प्लायवर किंवा थर्माकोलवर काम करताना खिळा सारखा हलवावा लागतो, जिथे गोंद लावला तिथे खिळा, कारण वीज फक्त ओल्या गोंदातून जाते. मातीच्या किल्ल्याला ते नाहीच. आतली माती, पोती, सगळं अजून ओलसर आहे, त्यामुळे अख्खा किल्लाच वायर होतो. खिळा पायथ्याशी एकदा खुपसला आणि बालेकिल्ल्याच्या टोकापर्यंत गवत उभं राहिलं! करंट लागतोच किती, जवळजवळ शून्य, त्यामुळे ओलसर माती पुरते. विकतची महागडी मशीन वापरून थर्माकोलवर काम करणाऱ्याला जो त्रास होतो तो आपल्या चिखलाच्या किल्ल्याला नाही. मी पोरांना हे दाखवलं, खिळा काढला की तंतू भुरभुर खाली पडून आडवे होतात, खिळा परत खुपसला की उभे. तीन-चार वेळा करून दाखवायला लावलं त्यांनी.

काम वाटून घेतलं होतं. गोंद लावायला लहान पोरं, मशीन नववी-दहावीची दोघं, पायात रबरी चपला घालून आणि दुसरा हात पाठीमागे, आणि मी शेजारी उभा. फटाके, उदबत्ती, स्प्रे पेंट यातलं काहीही त्या कोपऱ्यात आणायचं नाही असं सकाळीच ठरलं होतं आणि पाळलं गेलं. आधी सगळीकडे २ मिलिमीटरचा गडद थर, गोंद ओला असतानाच वरून ४ मिलिमीटरचा वाळका मिसळलेला, सुवेळा माचीच्या उतारावर जास्त. ४ मिलिमीटरचे तंतू थोडे कलतात, सगळे सरळ उभे नाही राहत, पण वाऱ्याने कललेलं गवत असंच दिसतं म्हणून ते चांगलंच झालं. तटबंदीच्या दगडांच्या वरच्या कडांवर काडीने गोंद लावून त्या मुलीने स्वतः सगळं केलं, संजीवनीचा बोळ पण तिनेच.

मधेच सेल उतरले. व्होल्टेज पडलं की तंतू गाळणीतच घुटमळतात, लगेच कळतं. दुसरा संच तयार ठेवलेला होता.

१९ ऑक्टोबर, रविवार

गोंद रात्रीत वाळला. न चिकटलेले तंतू काढायला व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर पातळ मोजा चढवला आणि हलकेच फिरवला, सुटे तंतू मोज्यात जमा होतात आणि परत वापरता येतात. निम्म्याच्या जवळपास परत मिळाले, तेवढी पुढच्या वर्षीची बेगमी. पायवाटा ओल्या ब्रशने मोकळ्या केल्या, सोनकीचा चुरा टाकला. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे आणि महाराज सदरेवर बसवले. मावळ्याच्या घोट्यापर्यंत गवत येतं. माप बसलं.

पहिल्या थरात पद्मावती तलावाच्या काठाला मी जागा रिकामी ठेवली होती, तिथे थोडे अळीव पेरलेत. लहान पोरांना उगवताना बघायला पाहिजेच काहीतरी.

२६ ऑक्टोबर, रविवार

भाऊबीज झाली, किल्ला अजून आठवडाभर ठेवायचाय, शेजारच्या दोन सोसायट्यांतली पोरं बघून गेली आणि त्यातल्या एकांना पुढच्या वर्षी साल्हेर करायचाय. त्यांच्याकडे मशीन नाही, ढिगातली दोन चांगली सर्किट त्यांना दिली आणि रेझिस्टरच्या माळा स्वतः जोडून दिल्या, कारण ती एकच पायरी अशी आहे की तिथे कंटाळा केलेला चालत नाही. मूठ, बटण, गाळणी त्यांनी बसवावी.

गावाकडचा भाचा आर्किटेक्चरला आहे, त्याला मॉडेलवरच्या लॉनसाठी मशीन पाहिजे, डिसेंबरपर्यंत ते त्याच्याकडे. थर्माकोल असेल तर खिळा हलवत राहा हे त्याला फोनवर सांगितलंय.

मेलेल्या लेड अ‍ॅसिड बॅटऱ्या खोक्यात भरून इन्व्हर्टरच्या बॅटरीवाल्याकडे दिल्या, शिशाचं वजन करून तो घेतो. त्या ओल्या किंवा सुक्या कुठल्याच कचऱ्यात टाकायच्या नाहीत. राहिलेल्या रॅकेटींपैकी ज्यांच्या जाळ्या धड होत्या त्यांना सेलचे होल्डर बसवून ज्याच्या त्याच्या घरी परत पोचवल्या. आता फक्त एक उरलीय, तिचा ट्रान्सफॉर्मर जळालाय, तो उलगडून किती वेढे आहेत ते मोजायचं आणि नवीन गुंडाळायचा. ०.१ मिलिमीटरची तार बुधवार पेठेत मिळते, पुढच्या शनिवारी जाईन.